टळटळीत उन्हात एक्स्पोजर कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भर दुपारी झाडाखाली बसलेल्या माणसाचा फोटो काढला की मागचं आकाश पांढरंफटक होतं, आणि आकाश सांभाळायला गेलं की चेहरा काळाठिक्कर पडतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मधोमध असूनही असं का होतं, आणि अशा वेळी नेमकं कोणतं सेटिंग ठेवायचं?

सेटिंगपासून सुरुवात केली तर हा प्रश्न सुटत नाही. सुरुवात एका निर्णयापासून करा: या फ्रेममध्ये सगळ्यात उजळ अशी कोणती गोष्ट आहे, जिच्यातला तपशील मला हवाच आहे? एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड येऊ द्यायचा ते, तिच्यावरून ठरवायचं. मग सावली तिथून किती स्टॉप खाली आहे ते मोजायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हे अंतर सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आवाक्यात असेल तर फोटो काढून मोकळं व्हायचं, नसेल तर उजेड बदलायचा किंवा फ्रेम बदलायची. कडक उन्हातलं सगळं काम या क्रमानं चालतं. बहुतेकांचा गोंधळ होतो तो पहिलाच निर्णय कॅमेऱ्यावर सोडल्यामुळे.

आधी मीटरबद्दल. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर पडणारा उजेड मोजत नाही, वस्तूवरून परतून लेन्समध्ये शिरणारा उजेड मोजतो. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तो धरून चालतो की समोरचं सगळं एकत्र कालवलं तर मध्यम करडा रंग होईल. १८ टक्के उजेड परत पाठवणारं ग्रे कार्ड वापरतात ते याच मध्यम करड्यासाठी. फ्रेमभर पांढरी भिंत घ्या, काटा मधोमध आणा, भिंत करडी येईल. काळा दरवाजा घ्या, तोही करडाच येईल. १९८३ साली निकॉन एफए या कॅमेऱ्यात फ्रेमचे पाच भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजण्याची सोय आली, आणि आजचे कॅमेरे तर चेहरासुद्धा ओळखतात. तरीही शेवटी मीटर अंदाजच बांधत असतो. तुमच्या फोटोत अर्धी फ्रेम आकाश होती आणि अर्धी गडद सावली. मीटरनं दोघांची सरासरी काढली, आणि त्या सरासरीइतक्या उजेडाची वस्तू फ्रेममध्ये कुठे नव्हतीच. म्हणजे काटा मधोमध होता, पण तो ना आकाशाबद्दल काही सांगत होता ना चेहऱ्याबद्दल.

आता उजेडातलं अंतर. निरभ्र दिवशी थेट उन्हात असलेल्या वस्तूसाठी जुना नियम आजही चोख चालतो: ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६ आणि शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहतं) आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असेल तर साधारण १/१००. एफ/८ वापरायचं असेल तर तेच १/४०० होतं. उघड्या आकाशाखालची सावली, म्हणजे एखाद्या भिंतीच्या आडोशाला जिथे ऊन पडत नाही पण वर आकाश मोकळं आहे, ती उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप खाली असते, म्हणजे उजेड आठपट कमी. दाट झाडाखाली आणखी कमी. उन्हातला पांढरा ढग मध्यम करड्यापेक्षा दोन-सव्वादोन स्टॉप वर असतो. म्हणजे सावलीतला चेहरा आणि ढग यांच्यात सहज पाच स्टॉप पडतात, बत्तीसपट फरक. आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही, कारण नजर चेहऱ्यावरून ढगाकडे वळते तसा डोळा जुळवून घेत जातो. सेन्सरला मात्र सगळं एकाच दमात, एकाच एक्स्पोजरवर टिपायचं असतं.

पाच स्टॉप हा काही भयंकर आकडा नाही. आजचे चांगले फुल फ्रेम सेन्सर त्यांच्या मूळ, म्हणजे साधारण सर्वांत कमी, आयएसओवर मोजमापात चौदा स्टॉपच्या आसपास पल्ला (एकाच फोटोत टिपता येणारं उजळ ते गडद अंतर) दाखवतात. त्यातले खालचे काही स्टॉप नॉइजनं, म्हणजे दाणेदार खरखरीनं, भरलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष कामाला येतो तो पल्ला कमी, पण तरी भरपूर. स्लाइड फिल्मवर काम करणाऱ्यांकडे जेमतेम पाच-सहा स्टॉप होते. तेव्हा तुमचा सेन्सर कमी पडत नाहीये. त्याचा पल्ला चुकीच्या जागी ठेवला जातोय.

चुकीच्या म्हणजे कुठे? इथे डिजिटलचा एक स्वभाव पक्का समजून घ्यायला हवा. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक मर्यादेपर्यंतच उजेड साठवतो. ती मर्यादा भरली की त्यावर कितीही उजेड पडो, आकडा तोच राहतो. ढगाचा तो भाग जळला. एडिटिंगमध्ये हायलाइटचा स्लायडर तळापर्यंत ओढला तरी पांढऱ्याचं फार तर करडं होईल, ढगाचा पोत येणार नाही, कारण तो कधी नोंदलाच गेला नाही. सावलीच्या बाजूला असा कडेलोट नाही. तिथे माहिती हळूहळू नॉइजमध्ये बुडत जाते, आणि बऱ्याच खोलीवरूनही ती वर काढता येते. निगेटिव्ह फिल्मचं याच्या उलट होतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमारास झोन पद्धत बसवली, तेव्हा शून्य (काळा) ते दहा (पांढरा) अशा झोनांपैकी तपशील हवा असलेली सावली तिसऱ्या झोनमध्ये ठेवायची आणि उजळ भाग डेव्हलपिंगमध्ये आवरायचे, असा रिवाज होता. आपण तीच शिडी वरून धरतो. उजळ टोक आधी जागेवर ठेवायचं आणि सावली एडिटिंगमध्ये उचलायची.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते तुमच्याच दृश्यावर बघू. झाडाखाली माणूस, मागे उन्हातलं गवत, वर पांढरे ढग. कॅमेरा मॅन्युअलवर (सगळे आकडे आपणच ठरवायचे), आयएसओ १००, एफ/८. मीटरिंग स्पॉटवर टाका. स्पॉट म्हणजे फ्रेमचा अगदी छोटा भाग, कॅमेऱ्यानुसार साधारण दीड ते पाच टक्के. हा ठिपका ढगाच्या सर्वांत उजळ पण पोत दिसणाऱ्या भागावर ठेवा. समजा मीटर म्हणाला १/२०००. मग उन्हातल्या गवतावर ठेवा: १/५००. चेहऱ्यावर: १/६०. झाडाच्या बुंध्यावर: १/१५. हे चार आकडे म्हणजे त्या दृश्याचा नकाशा. ढग ते चेहरा पाच स्टॉप, ढग ते बुंधा सात.

यातला प्रत्येक आकडा सांगतो की ती वस्तू मध्यम करडी करायची असेल तर शटर स्पीड किती हवा. ढग मध्यम करडा नकोय, तो पांढरा पण पोतदार हवाय. रॉ मध्ये (सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काम करणार असाल तर तो मध्यमाच्या अडीच ते पावणेतीन स्टॉप वर सुरक्षित राहतो. म्हणून १/२००० पासून तेवढं खाली या: १/३२०. झालं तुमचं एक्स्पोजर. या १/३२० वर गवत मध्यमापेक्षा जरा उजळ येईल, उन्हात दिसतं तसंच. चेहरा मध्यमाच्या जवळजवळ अडीच स्टॉप खाली जाईल, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळपट दिसेल. घाबरू नका. मूळ आयएसओवर काढलेल्या रॉ फाइलमध्ये दोन-अडीच स्टॉप उचलणं हे आजच्या सेन्सरला फार जड नाही. बुंधा मध्यमाच्या साडेचार स्टॉप खाली, जवळपास काळा. त्याला काळा राहू द्या. झाडाखालच्या बुंध्याचा प्रत्येक पापुद्रा दिसायलाच हवा असं कोणी सांगितलंय?

हे अडीच-पावणेतीन स्टॉप कॅमेऱ्याप्रमाणे थोडे बदलतात, ते एकदा स्वतः तपासून घ्या. उन्हात पांढरा टॉवेल वाळत घाला, त्यावर स्पॉट मीटर करा, आणि मध्यमापासून एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी वर जात चार स्टॉपपर्यंत फोटो काढा. रॉ फाइल उघडून बघा की विणीचा धागा कुठल्या पायरीपर्यंत दिसतो आणि कुठे नाहीसा होतो. तो आकडा तुमच्या कॅमेऱ्याचा. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया करून दिलेल्या फोटोत, तो कमी निघेल. हा एक आकडा पाठ असला की कुठल्याही उन्हात उभं राहून दोन मिनिटांत एक्स्पोजर बांधता येतं, आणि माझ्या मते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या कुठल्याही पानापेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

स्पॉट मीटरिंगला वेळ नसेल, माणसं हलत असतील, तर दुसरा रस्ता आहे. एक चाचणीचा फोटो काढा, प्लेबॅकमध्ये हायलाइट अलर्ट (जळलेले भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवा, आणि काय लुकलुकतंय ते बघा. मिररलेस (आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा) कॅमेरा असेल तर जळणाऱ्या भागांवर झेब्रा पट्टे फोटो काढण्याआधीच दिसतात. लुकलुकणारी प्रत्येक गोष्ट वाचवायची नसते, हे मात्र लक्षात असू द्या. सूर्याचं बिंब, पाण्यावरची चमचम, गाडीच्या धातूवरची तिरीप, पानांच्या फटीतून दिसणारे आकाशाचे बारके तुकडे, हे जळणारच आणि जळलेलेच बरे दिसतात. त्यांना वाचवायला गेलात तर अख्खी फ्रेम तीन-चार स्टॉप अंधारात जाईल. पांढरे कपडे, ढगांचा मोठा पट्टा आणि कातडीवरची चमक मात्र सोडू नका. कपाळ आणि नाकाचा शेंडा तर मुळीच नको: कातडीत आधी लाल चॅनेल (लाल रंगाची वेगळी नोंद) भरतो, आणि मग तिथे जो पिवळट, सपाट डाग पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही.

या चॅनेलच्या भानगडीमुळेच एकरंगी हिस्टोग्रामवर (फ्रेममध्ये कुठला उजेड किती ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) विसंबू नका. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करा. लाल फूल किंवा गडद केशरी कपडा उन्हात असेल तर एकत्रित हिस्टोग्राम निवांत दिसतो आणि लाल चॅनेल मात्र उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. फुलाच्या पाकळ्या लालभडक सपाट पट्ट्यासारख्या येतात, त्या यामुळेच. शिवाय हिस्टोग्राम आणि हायलाइट अलर्ट, दोन्ही कॅमेऱ्यानं मनाशी बनवलेल्या जेपेगवरून काढलेले असतात, तुम्ही फक्त रॉ काढत असलात तरी. पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंग-कॉन्ट्रास्टचं सेटिंग) भडक, कॉन्ट्रास्टी असेल तर हिस्टोग्राम लवकर ओरडतो. न्यूट्रल किंवा फ्लॅट स्टाइल लावली की तो रॉच्या खऱ्या परिस्थितीच्या जवळ जातो. एवढं करूनही रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते, ती आणीबाणीची म्हणून ठेवा, रोजच्या खर्चात धरू नका.

आणि स्क्रीनच्या उजेडावरून कधीच एक्स्पोजर ठरवू नका. उन्हात स्क्रीन निस्तेज दिसते, फोटो अंधारा वाटतो, माणूस एक्स्पोजर वाढवतो, आणि घरी येऊन बघतो तर आकाश गेलेलं. मिररलेसमध्ये डोळ्याला लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून प्लेबॅक बघा, निदान ऊन तरी आड येत नाही.

हिस्टोग्रामवर एक्स्पोजर उजवीकडे ढकलण्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. फोटोग्राफर आणि लेखक मायकल राइखमन यांनी २००३ मध्ये ही कल्पना लिहून लोकांपर्यंत पोहोचवली. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात नोंदवतो, त्यामुळे १४ बिटच्या फाइलमधल्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये असतात. तेव्हा जळू न देता जितकं उजळ काढता येईल तितकं काढा आणि नंतर खाली आणा, असं त्यांचं म्हणणं. खरा फायदा पायऱ्यांपेक्षा जास्त प्रकाशकणांचा असतो: जास्त उजेड गोळा केला की सावलीत नॉइज कमी. कल्पना बरोबरच आहे, पण कडक उन्हात तिचा वेगळा उपयोग उरत नाही. उजळ टोक जिथपर्यंत नेता येतं तिथे आपण ते आधीच ठेवलंय. मळभ आलेल्या दिवशी, जेव्हा दृश्याचा पल्ला लहान असतो, तेव्हा ती खऱ्या अर्थानं कामाला येते.

आयएसओ वाढवू नका. वाढवलेला प्रत्येक स्टॉप साधारण एक स्टॉप पल्ला खातो, आणि तोही वरच्या, उजळ बाजूचा. ऑटो आयएसओ चालू राहिला असेल तर तो सावली पाहून आयएसओ चढवतो आणि तुमचं सगळं गणित बिघडवतो. म्हणून बाहेर पडताना आधी तो बंद करा. कॅमेऱ्यात सावली आपोआप उचलणाऱ्या सोयी असतात: निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीत डीआरओ, कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी, फुजीत डीआर २०० आणि ४००. थेट जेपेग वापरणार असाल तर जरूर लावा, उन्हात त्यांचा फरक स्पष्ट दिसतो. रॉ काढणार असाल तर बंद ठेवा. यातल्या काही सोयी मुळात एक्स्पोजर कमी करून मग प्रक्रियेत वर उचलतात, त्यामुळे कॅमेऱ्यानं नेमकं काय केलं हे तुम्हाला कळेनासं होतं.

मॅन्युअल की ॲपर्चर प्रायॉरिटी? आकाश निरभ्र असेल तर मॅन्युअल. ऊन तासभर बदलत नाही, तुम्ही फ्रेम बदलता तेव्हा फक्त मीटरचं मत बदलतं. एकदा बांधलेलं एक्स्पोजर उन्हातल्या सगळ्या फोटोंना चालतं, मग माणूस पांढऱ्या कपड्यांत असो की काळ्या. ढग येत-जात असतील तर ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) घ्या, मल्टी किंवा मॅट्रिक्स मीटरिंग (अख्खी फ्रेम मोजणारं) ठेवा आणि कॉम्पेन्सेशनच्या (मीटरनं ठरवलेलं एक्स्पोजर अधिक-उणे करायच्या) चाकावर अंगठा ठेवून काम करा. पण कॉम्पेन्सेशन हे मीटरच्या मतावर चढवलेलं असतं. फ्रेममध्ये आकाश जास्त आलं की मीटर स्वतःच एक्स्पोजर कमी करतो, त्यावर तुमचं आधीच लावलेलं उणे एक तसंच असतं, आणि फोटो दुप्पट अंधारतो. चौकट बदलली की चाकाकडे बघायचंच. निकॉननं २०१४ च्या डी८१० मध्ये हायलाइट-वेटेड मीटरिंग आणलं, नंतर ते इतर कॅमेऱ्यांतही दिसू लागलं. ते उजळ भाग आपोआप जपतं, पण पाण्यावरच्या चमचमीलाही तितक्याच इमानानं जपतं. त्यामुळे बहुतेक वेळा त्यावर अर्धा ते दीड स्टॉप अधिक द्यावा लागतो.

इथवर झालं ते आहे त्या उजेडाला सामोरं जाण्याबद्दल. माणसांचे फोटो काढत असाल तर मात्र उजेड आणि फ्रेम बदलणं यालाच पहिला मान द्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे मागची बाजू बदलणं. माणूस सावलीत आणि मागे आकाश, ही मांडणीच पाच स्टॉपचं भांडण लावते. दोन पावलं बाजूला सरका, कॅमेरा थोडा उंच धरा, मागे सावलीतली झाडी किंवा भिंत येऊ द्या. अंतर दोन स्टॉपवर येतं आणि प्रश्नच मिटतो. मग चेहऱ्यावर थेट एक्स्पोजर करा, कडेला कुठे आकाशाचा तुकडा जळला तर जळू द्या.

दुसरं, सावलीच्या आत नको, सावलीच्या काठावर बसवा. ऊन आणि सावलीच्या सीमेपासून हातभर आत, चेहरा उन्हाच्या बाजूला. समोरची उन्हात तापलेली जमीन तुमचा रिफ्लेक्टर होते आणि चेहऱ्यावर एक-दीड स्टॉप उजेड टाकते. डोळ्यांतही चमक येते. जमीन हिरवळीची असेल तर चेहऱ्यावर खालून हिरवट झाक येते, तिथे मातीची किंवा फरशीची जागा बघा. पानांमधून येणारे कवडसे चेहऱ्यावर पडत असतील तर जागा सोडाच. गालावरचा एक कवडसा आणि शेजारची सावली यांच्यात तीन स्टॉप असतात, आणि त्याला एडिटिंगमध्ये सुटका नाही.

थेट उन्हात उभं करायचंच असेल तर सूर्य माणसाच्या पाठीमागे घ्या. केसांना आणि खांद्यांना उजळ कड येते, ती थोडी जळाली तरी चालते. चेहरा एकसंध सावलीत राहतो आणि माणूस डोळे बारीक करत नाही. समोरून पांढरा रिफ्लेक्टर किंवा नुसती पांढरी चादर धरली तरी पुरे. चंदेरी रिफ्लेक्टर भर उन्हात चेहऱ्यावर मारणं म्हणजे समोरच्याचे डोळे दिपवणं, ते टाळा.

फ्लॅशचं गणित लोक पटकन विसरतात, म्हणून ते नीट सांगतो. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत नीट चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड) १/२०० ते १/२५० असतो. आयएसओ १०० वर उन्हात १/२५० ठेवलं तर ॲपर्चर एफ/१० च्या आसपास बंद करावं लागतं. इतक्या लहान ॲपर्चरवर कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश जेमतेम दोन-तीन मीटर पोहोचतो. हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरवर फ्लॅश चालवणारा मोड) लावून १/२००० आणि एफ/४ वर जाता येतं, मागचं धूसरही होतं, पण त्या मोडमध्ये फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावून उघड्या ॲपर्चरवर सिंक स्पीडमध्ये राहता येतं, मात्र फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कापतो, त्यामुळे उन्हाच्या तुलनेत फ्लॅश बलवान होत नाही. थोडक्यात, फ्लॅश जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, दोन स्टॉप फुकटात. आणि फ्लॅश टीटीएलवर (लेन्समधून मोजून ताकद आपोआप ठरवणाऱ्या मोडवर) असेल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे एक ते उणे दीड ठेवा, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

निसर्गचित्रांत रिफ्लेक्टरचा उपयोग नाही, तिथे ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक) येतो. त्यावर ०.६ लिहिलं असेल तर दोन स्टॉप, ०.९ असेल तर तीन. समुद्रासारखं सरळ क्षितिज असेल तर तो उत्तम. डोंगर किंवा झाडं क्षितिजाच्या वर डोकावत असतील तर त्यांचे शेंडे काळे पडतात, म्हणून तिथे मी ब्रॅकेटिंग पसंत करतो. पोलरायझर कॉन्ट्रास्टचा इलाज म्हणून वापरू नका. सूर्यापासून काटकोनातलं निळं आकाश तो गडद करतो आणि ओल्या पानांवरची चकाकी काढतो, पण एक-दीड स्टॉप उजेडही खातो, आणि वाइड लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद होऊन ते डागाळल्यासारखं दिसतं.

ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच फ्रेमचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून जोडणं. कल्पना फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणावी लागेल. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकाच प्रिंटमध्ये जोडले, कारण तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर आकाश हमखास जळायचं. आज दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन फ्रेम बहुतेक दृश्यांना पुरतात. ॲपर्चर आणि फोकस कायम ठेवा, फक्त शटर स्पीड बदलू द्या, नाहीतर फ्रेम एकमेकींवर बसणार नाहीत. ट्रायपॉड हवाच. वारा असेल तर हलणाऱ्या फांद्यांची भुतं दिसतात, आणि माणूस फ्रेममध्ये असेल तर ब्रॅकेटिंग विसरा. खरं सांगायचं तर सेन्सर सुधारल्यापासून याची गरज फार उरलेली नाही. सूर्य फ्रेममध्ये असलेलं दृश्य, किंवा गुहेच्या आतून बाहेर बघतानाची फ्रेम, एवढ्यापुरतं ते राखून ठेवा.

मोबाइलवर काढत असाल तरी हेच लागू. फोन एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन आतल्या आत जोडतो, त्यामुळे त्याचा पल्ला त्याच्या छोट्या सेन्सरच्या मानानं मोठा दिसतो. तरी पहिला निर्णय तुमचाच. ढगावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याच्या चिन्हाचा स्लायडर हवा तसा वर-खाली करा.

समोरून ऊन येत असताना आणखी एक गोष्ट पल्ला खाते, ती म्हणजे लेन्सच्या काचेवर पसरणारा उजेड. फ्लेअरचे गोळे निदान डोळ्याला दिसतात. हा पसरलेला उजेड सावलीवर पांढरट धुकं चढवतो, आणि ती सावली एडिटिंगमध्ये उचलली की हाती राख लागते. पुढची काच स्वच्छ पुसा, स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढा, हूड लावा, आणि तरी ऊन काचेवर पडत असेल तर मोकळ्या हातानं लेन्सवर सावली धरा. हात फ्रेममध्ये येत नाही एवढं बघा. डीएसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः टेलिफोटो लेन्सनं, भरदुपारच्या सूर्याकडे कधीही बघू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मिररलेसमध्ये धोका सेन्सरला आणि शटरला असतो, सूर्याकडे रोखून कॅमेरा तसाच ठेवू नका.

आता तुमच्या त्या १/३२० च्या फ्रेमचं एडिटिंग. सावलीचा स्लायडर एकदम शंभरावर नेणं ही सगळ्यांची पहिली ओढ असते, तीच आवरा. आधी हायलाइट खाली आणून ढगाचा पोत बघा. मग संपूर्ण एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं वाढवून ढग पुन्हा तपासा. नंतर फक्त माणसावर मास्क आखून (बदल तेवढ्याच भागाला लागू करणारी निवड करून) तिथे एक-दीड स्टॉप द्या, कडा मऊ ठेवून. चेहरा उन्हातल्या गवताइतका उजळ करू नका. तो गवतापेक्षा निदान एक स्टॉप खाली राहिला तरच बघणाऱ्याला तो सावलीत बसलाय हे पटतं. शेवटी ब्लॅक्स किंचित खाली ओढा, म्हणजे बुंधा आणि केस पुन्हा खरे काळे होतील आणि उचललेल्या सावलीला आधार मिळेल. सावलीत निळसर झाक असतेच, कारण तिथला उजेड आकाशातून येतो, म्हणून त्याच मास्कमध्ये व्हाइट बॅलन्स थोडा उबदार करा. नॉइज कमी करायचा असेल तर तोही त्या मास्कपुरताच. ढगांना आणि गवताला त्याची गरज नाही, आणि लावलात तर गवताची पाती मेणासारखी दिसू लागतात.